‘रिलोकेट व्हाल ना?’ : कोल्हापुरातून दिलेले इंटरव्ह्यू

सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या कोल्हापूरच्या उमेदवाराला एचआरकडून येणारा पहिला प्रश्न ‘जावा येते का’ हा नसतो.

“करंट लोकेशन?”

“कोल्हापूर.”

“ओके. रिलोकेट व्हाल ना?”

मग सध्याचा पगार, अपेक्षित पगार, नोटीस पिरियड. दोन मिनिटांत फोन बंद. यातल्या कुठल्या उत्तरावर आपली फाइल पुढं सरकली आणि कुठल्या उत्तरावर बाजूला पडली, हे कुणी सांगत नाही. २०२४ च्या पावसाळ्यापासून मी असे फोन घेत होतो, तेही बहुतेक ऑफिसच्या जिन्यात उभं राहून. ऑफिस तीन खोल्यांचं आणि आमचे सर शेवटच्या खोलीत, त्यामुळं आत बोलायची सोय नव्हती. राजारामपुरीच्या गल्लीतून एखादी बुलेट फटफटत गेली की एचआर मॅडमना सगळं पुन्हा विचारावं लागायचं.

त्या ऑफिसात कसा पोचलो ते थोडक्यात सांगतो. २०२२ मध्ये इंजिनिअरिंग संपलं. त्या वर्षी कॅम्पसला कंपन्यांची रांग होती. दहावी, बारावी, डिग्री तिन्हीकडं साठ टक्के आणि अडकलेला विषय नको, एवढी चाळणी पार केली की ॲप्टिट्यूड, एक सोपा कोडिंगचा पेपर आणि शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टवर गप्पा. एका मोठ्या सर्व्हिस कंपनीचं ऑफर लेटर मलाही मिळालं. साडेतीन लाखांच्या आसपास पॅकेज. पेढे वाटून झाले, पण जॉइनिंगची तारीख काही आली नाही. ‘व्यवसायाच्या गरजेनुसार आपणास कळवण्यात येईल’ असा मेल अधूनमधून यायचा. २०२३ उजाडेपर्यंत भरतीचा बाजारच थंडावला होता. लग्नाकार्यात “काय, कधी जायचं पुण्याला?” याला उत्तरं देऊन कंटाळलो आणि राजारामपुरीतल्या या छोट्या कंपनीत लागलो. काम होतं गावोगावच्या दूध संस्थांचं सॉफ्टवेअर लिहायचं आणि चालू ठेवायचं. यातलं दुसरं काम जास्त.

दीड-दोन वर्षांनी पुन्हा बाहेर पडायचं ठरवलं, तेव्हा बायोडाटा पुण्याच्या हिंजवडीतल्या एका मित्रानं तपासून दिला. त्यानं पहिल्यांदा काय केलं, तर दूध काढून टाकलं. “भावा, ‘दूध संस्था संगणकीकरण’ वाचून कोण बोलावणार तुला? ‘बिलिंग अँड पेमेंट प्लॅटफॉर्म फॉर कोऑपरेटिव्ह सेक्टर’ लिही.” लिहिलं. कोपऱ्यात फोटो, दोन कॉलम आणि प्रत्येक कौशल्यापुढं चांदण्या असा माझा देखणा बायोडाटाही त्यानं मोडीत काढला, कारण अर्ज चाळणाऱ्या सॉफ्टवेअरला दोन कॉलम धड वाचता येत नाहीत, ओळी एकमेकींत मिसळतात. एक पान, एक कॉलम, साधा फॉन्ट. नोकरीच्या साइटवर रोज सकाळी प्रोफाइलमधला एखादा शब्द बदलून सेव्ह करायचा, म्हणजे ताज्या प्रोफाइलमध्ये आपण वर दिसतो, हेही त्याचंच. ते मात्र लागू पडलं. फोन वाढले.

फोन वाढले तसे भामटेही वाढले. ‘तुमची निवड झालेली आहे, लॅपटॉपसाठी परत मिळणारं डिपॉझिट भरा’ हा जुना प्रकार. दुसरा जास्त गोड. तुमच्या दोन वर्षांच्या अनुभवाची पाच वर्षं करून देतो, सॅलरी स्लिपांसकट. अशा वाटेनं गेलेली मुलं आहेत, आणि कागद तपासणीत अडकलेलीही आहेत. पीएफचा यूएएन नंबर नोकरी बदलली तरी तोच राहतो आणि कुठल्या कंपनीनं कुठल्या महिन्याचे पैसे भरले ते पासबुकात दिसतं. पाच वर्षांचा दावा आणि दोनच वर्षांच्या नोंदी, एवढं पाहायला कुणाला डिटेक्टिव्ह व्हावं लागत नाही.

एचआरच्या फोनातून पुढं गेलं की ऑनलाइन टेस्ट. दोन नाहीतर तीन कोडिंगचे प्रश्न, काही पर्यायी प्रश्न, आणि सगळा वेळ कॅमेरा चालू. माझ्या एका टेस्टच्या मधे आई चहा घेऊन खोलीत आली आणि स्क्रीनवर लाल पट्टी झळकली : दुसरी व्यक्ती आढळली. आईनं ती वाचली, कप टेबलावर ठेवला आणि चोरपावलांनी उलटी बाहेर गेली. पुढच्या टेस्टपासून चहा दाराबाहेर.

या टेस्टमध्ये प्रश्नापेक्षा प्रश्नाखालची बारीक ओळ महत्त्वाची असते. ‘यादीत एक लाखापर्यंत आकडे असू शकतात’ असं काहीतरी तिथं लिहिलेलं असतं. समजा बेरीज अमुक होईल अशी जोडी शोधायची आहे. एकात एक असे दोन लूप लावले तर उत्तर बरोबरच येतं, पण लाख गुणिले लाख म्हणजे एक हजार कोटी तुलना होतात, आणि चाचणीला वेळ मिळतो एक-दोन सेकंदांचा. नमुन्याच्या छोट्या चाचण्या पास होतात, लपवलेल्या मोठ्या फेल होतात. तीच जोडी, बघितलेला प्रत्येक आकडा हॅशमॅपमध्ये (हवी ती नोंद लगेच शोधून देणारी साठवण) टाकत गेलं तर एका फेरीत सापडते. ही नजर सरावानं येते. मी रात्री जेवण झाल्यावर सराव करायचो. रोज खूप सोडवण्यापेक्षा एकच प्रश्न आठवड्यानं पुन्हा कोऱ्या पानावर सोडवून बघणं मला जास्त उपयोगी पडलं.

टेक्निकल राउंडमध्ये सुरुवातीला तेच ते प्रश्न. हॅशमॅप आतून कसा चालतो हा तर आरतीसारखा ठरलेला. बकेट म्हणजे काय, दोन ‘की’ (नोंद शोधायच्या खुणा) एकाच बकेटमध्ये आल्या तर काय, हॅशकोड लिहिला आणि इक्वल्स लिहिलाच नाही तर काय बिघडतं. २०१४ साली आलेल्या जावा ८ पासून एका बकेटमधली गर्दी आठाच्या पुढं गेली आणि टेबल पुरेसं मोठं असलं, की आतल्या लिंक्ड लिस्टचं (साखळीसारख्या यादीचं) झाड होतं, इथपर्यंत सांगितलं की समोरचा मान डोलावतो. दुसरा लाडका प्रश्न : दोन इंटीजर (पूर्णांकाच्या) ऑब्जेक्टमध्ये १२७ ठेवला आणि दोन बरोबरच्या चिन्हांनी तुलना केली तर ‘ट्रू’ येतं, १२८ ठेवला तर ‘फॉल्स’. का? जावा उणे १२८ ते १२७ हे आकडे आधीच बनवून ठेवते आणि तीच वस्तू दोघांना देते, म्हणून. माहिती म्हणून मजेशीर आहे. पण हे माहीत असलेला माणूस चांगला प्रोग्रामर असतोच असं नाही, आणि माहीत नसलेला वाईट असतो असं तर मुळीच नाही. हा प्रश्न विचारणाऱ्यांनाही ते ठाऊक असावं. त्यांच्याही हातात कुणीतरी यादी दिलेली असते.

याउलट ‘दुसऱ्या क्रमांकाचा पगार काढणारी क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) लिहा’ हा दिसायला घासून गुळगुळीत झालेला प्रश्न मला चांगला वाटतो, कारण चांगला विचारणारा तिथं थांबत नाही. सगळ्यात जास्त पगार दोघांना सारखाच असेल तर? ऑफिसात एकच माणूस असेल तर? पगाराचा रकाना रिकामा असेल तर? पाठ केलेलं उत्तर पहिल्या फाट्यावर अडतं आणि विचार करणारा माणूस पुढं जातो.

पप्पांचं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप आहे. माझे इंटरव्ह्यू त्यांच्या डोक्यात बसायचे नाहीत. त्यांच्याकडं टर्नर ठेवायचा झाला तर त्याच्या हातात ड्रॉइंग आणि पीस देतात, मशीनवर उभा करतात, आणि झालेला जॉब मायक्रोमीटरनं मापतात. सर्टिफिकेट नंतर बघतात, कधी बघतही नाहीत. “तुम्हाला ही कोडी कशाला घालतात? केलेलं काम दाखव म्हणावं.”

“कंपनीचा कोड बाहेर दाखवता येत नाही, पप्पा.”

“मग त्यांनी त्यांचं काम द्यावं. अर्धा दिवस बसवावं.”

असं काम देणाऱ्या कंपन्याही असतात. एकीनं दवाखान्याच्या अपॉइंटमेंटची छोटी एपीआय (दुसऱ्या प्रोग्रामशी माहितीची देवाणघेवाण करणारा भाग) घरी करायला दिली होती. शनिवार-रविवार त्यात गेला, चाचण्यांसकट, वर चालवायची कृती लिहून पाठवली. त्यानंतर त्या एचआरनं माझा एकही मेल उघडला असेल असं वाटत नाही. पप्पांच्या पद्धतीत टर्नरला निदान समोरच सांगतात, उद्यापासून ये नाहीतर येऊ नको. आणि अर्ध्या दिवसाची मजुरी देतात.

घरून इंटरव्ह्यू द्यायचा म्हणजे कोल्हापूरची सगळी वैशिष्ट्यं सोबत घेऊन द्यायचा. पावसाळ्यात लाइट जाते, राउटर बंद पडतो. इन्व्हर्टर होता, पण बाहेरच्या खांबावरच्या खोक्यातच वीज नसली की घरातला राउटर नुसताच दिवे लुकलुकवत बसतो. म्हणून फोनचा हॉटस्पॉट आधीच जोडून, चाचणी घेऊन ठेवायचा. गणपतीच्या दिवसांत तर पेठेत राहून इंटरव्ह्यूची वेळ घेणं म्हणजे धाडसच. माझ्या एका राउंडच्या मधोमध गल्लीच्या तोंडाला डॉल्बीचं टेस्टिंग सुरू झालं. खिडकीची तावदानं थरथरत होती आणि मी बायनरी सर्च समजावून सांगत होतो. पलीकडचा माणूस बंगळुरूचा. “इज एव्हरीथिंग ओके?” त्यानं घाबरून विचारलं. पुढचे राउंड मी राजारामपुरीतल्या एका अभ्यासिकेच्या मागच्या खोलीतून दिले. मालकानं भाडं घेतलं नाही, पोराला जावा शिकव म्हणाला.

तो बायनरी सर्चचा प्रश्न मात्र छान होता. क्रमानं लावलेल्या दहा लाख नोंदींत एक शोधायला जास्तीत जास्त वीस तुलना लागतात, हे सगळ्यांना येतं. त्यानं विचारलं, मधली जागा कशी काढता? सुरुवात अधिक शेवट, भागिले दोन. दोन्ही आकडे खूप मोठे असतील तर? बेरीजच इंटीजरच्या मर्यादेबाहेर जाते आणि उणे होते. हीच चूक जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत कित्येक वर्षं होती आणि २००६ मध्ये ती उघडकीला आली, हे त्यानं सांगितलं तेव्हा मला एकदम बरं वाटलं. तिथं माझी निवड झाली नाही. पण तो तास वाया गेला असं कधी वाटलं नाही.

पुण्याच्या वॉक-इनबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. रात्रीची गाडी, सहापदरीच्या कामामुळं जागोजागी डायव्हर्शन, पहाटे स्वारगेट, तिथंच तोंड धुऊन हिंजवडीची बस. कंपनीच्या गेटबाहेर रांग, प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची फाइल. लेखी पेपर, मग एका हॉलमध्ये नावं वाचून दाखवणं. ज्यांची नावं आली नाहीत त्यांनी जेवायला जावं असं म्हणतात, म्हणजे परत येऊ नये. माझ्या शेजारी नांदेडचा एक मुलगा होता, आदल्या दिवशी दुपारी निघालेला. आम्ही दोघं जेवायला गेलो.

आता ज्या इंटरव्ह्यूसाठी हे सगळं लिहायला घेतलं, तो सांगतो.

पुण्यातल्या बाणेरची कंपनी. ऑनलाइन व्यवहारांचा हिशेब जुळवणारं सॉफ्टवेअर करते. दोन राउंड घरून झाले, तिसरा ऑफिसात. समोर इंजिनिअरिंग मॅनेजर मॅडम, भिंतीवर पांढरा बोर्ड. बायोडाटावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, हे कोऑपरेटिव्ह सेक्टरचं प्लॅटफॉर्म म्हणजे नेमकं काय?

मी म्हटलं, “दूध.”

त्या हसल्या. “मग तसं लिहायचं ना. सांगा.”

इंग्रजी अडेल तिथं मी बोर्डवर चौकोन काढत गेलो. गावातल्या संस्थेत सकाळ-संध्याकाळ संकलन असतं. सभासद कॅन घेऊन येतो, त्याचा कोड टाकायचा, दूध काट्यावर, नमुना फॅट मशीनमध्ये. काटा आणि मशीन दोन्ही सिरियल केबलनं कॉम्प्युटरला जोडलेली. फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) आलं की दरपत्रकातून दर निघतो, गाईला ३.५ आणि ८.५, म्हशीला ६ आणि ९ हे पायाचे आकडे, त्याच्या वरखाली दर हलतो. पावती छापली जाते. दहा दिवसांनी बिल. हे सगळं इंटरनेटशिवाय चालायला हवं, कारण संकलनाच्या वेळी नेट नसलं तरी म्हैस थांबत नाही. नोंदी आधी तिथल्याच डेटाबेसमध्ये, नेट आलं की सर्व्हरवर.

“नेट मधेच गेलं तर?”

इथं आम्ही दोघंही खुर्चीत पुढं सरकलो. कारण हे पुस्तकातलं नव्हतं, हे आमच्या ऑफिसात रात्री अकराला वाजलेल्या फोनांमधलं होतं. संस्थेच्या कॉम्प्युटरनं नोंदी पाठवल्या, सर्व्हरनं लिहूनही घेतल्या, पण ‘मिळाल्या’ हा निरोप परत यायच्या आत नेट गेलं. कॉम्प्युटरला वाटतं पोचल्याच नाहीत. तो पुन्हा पाठवतो. सर्व्हरवर दूध दुप्पट. मी लागलो तेव्हा जुन्या सॉफ्टवेअरमध्ये हेच होत होतं, आणि सचिव लोक बिलाच्या आदल्या रात्री डोळ्यांनी दुबार नोंदी शोधून काढायचे.

“मग नोंद तीच आहे हे कसं ओळखायचं? संस्था, तारीख, सत्र आणि सभासद कोड?”

“नाही चालत, मॅडम. एकाच घरात गाय पण असते आणि म्हैस पण. दोन कॅन येतात. कधी गाईचेच दोन कॅन, एक आधी आणि एक नंतर.”

म्हणून नोंद तयार होतानाच, पावती छापायच्या आधी, तिला तिथल्या कॉम्प्युटरवर स्वतःचा कधीही न बदलणारा क्रमांक द्यायचा. तीच नोंद शंभर वेळा आली तरी सर्व्हर एकदाच लिहितो. डेटाबेसमध्येच युनिक बंधन घातलेलं, म्हणजे कोडमधून काही निसटलं तरी खाली अडतं.

“क्रमांकाऐवजी वेळ का नाही वापरली? मिलिसेकंदांपर्यंत?”

संस्थेतले कॉम्प्युटर जुने. मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपलेली असते, लाइट जाऊन आली की घड्याळ कित्येक वर्षं मागं जातं. गावात त्याची कुणाला फिकीर नसते, पावतीवर तारीख चुकली तरी माणसं दुधाशी मतलब ठेवतात. पण सॉफ्टवेअरचा सगळा क्रम कोसळतो. आम्ही वेळेवर विसंबणं सोडलं. शेवटचं बंद झालेलं सत्र कुठलं, त्याच्या मागची तारीख सुरू होताना दिसली तर सॉफ्टवेअर थांबतं आणि सचिवाला तारीख विचारतं.

मॅडमनी बोर्डवरच्या माझ्या चौकोनांत ‘दूध’ खोडून ‘पेमेंट’ लिहिलं. म्हणाल्या, आमचंही हेच आहे. ग्राहकाचे पैसे गेले, निरोप परत आला नाही, ॲपनं पुन्हा विनंती पाठवली. दुसऱ्यांदा पैसे कापायचे नाहीत. या गुणधर्माला त्यांच्या धंद्यात आयडेम्पोटन्सी म्हणतात आणि त्यावर इंटरव्ह्यूत हमखास प्रश्न असतो. मी त्याच्यावरचे व्हिडिओ बघितले होते, त्यात सगळी उदाहरणं शॉपिंगची. आपण जे करतोय ते हेच, हे मला कुठल्याही व्हिडिओनं सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी पैशांचा प्रश्न काढला. रक्कम कुठल्या प्रकारात साठवता? मी पैशांत, म्हणजे पूर्णांकात, किंवा बिगडेसिमलमध्ये (दशांश रक्कम नेमकी साठवणारा जावाचा प्रकार) असं सांगितलं आणि पावतीचं उदाहरण दिलं. ४.३ लिटर दूध, दर ३५ रुपये २५ पैसे. गुणाकार १५१.५७५. पावतीवर छापतो १५१.५८. दहा दिवसांत रोज दोन वेळा असंच दूध आलं तर पावत्यांची बेरीज ३०३१.६०, पण बिलात आधी मूळ रकमांची बेरीज करून शेवटी एकदाच राउंड केली तर ३०३१.५०. दहा पैशांचा फरक. संगणकाच्या दृष्टीनं क्षुल्लक. पण सभासद वीस पावत्या पिशवीतून काढून, दुकानातला कॅल्क्युलेटर घेऊन बेरीज करतो आणि संस्थेत येऊन विचारतो, “माझं दहा पैसं कुठं गेलं?” त्यात साधा डबल (दशांश आकडा जवळपासचा साठवणारा प्रकार) वापरला असेल तर १५१.५७५ हा आकडा आत नेमका तेवढाच साठेल याचीही खात्री नाही, पावती १५१.५७ अशीही छापली जाऊ शकते. म्हणून नियम एकच : पावतीवर छापलेली रक्कम हीच खरी, बिल म्हणजे त्यांची बेरीज.

“हा नियम कुणी ठरवला?”

“सभासदांनीच म्हणायचं. आम्ही नुसता कोडमध्ये लिहिला.”

ठरलेला तास संपून गेला होता. त्यांनी लिंक्ड लिस्ट उलटी करायला सांगितलीच, पण ती उरकल्यासारखी. बाहेर पडल्यावर मी हिंजवडीच्या मित्राला फोन करून आधी शिव्या घातल्या. बायोडाटात दूध परत आलं ते त्या रात्री.

हेही सांगायला हवं की सगळीकडं असं होत नाही. दुसऱ्या एका ठिकाणी दुधाचं नाव काढल्यावर इंटरव्ह्यू घेणाऱ्यानं “ओके, लेट्स मूव्ह टू डीएसए” म्हणून, म्हणजे हॅशमॅप-लिंक्ड लिस्टच्या कोड्यांकडं वळून, विषय बंद केला. त्याच्याकडं पंचेचाळीस मिनिटं आणि दोन प्रश्न होते. मी त्याला दोष देत नाही. दिवसभर अनोळखी माणसं तपासायची तर सगळ्यांना एकच माप लावणं सोपं पडतं. फक्त त्या मापात माझी दोन वर्षं बसत नव्हती.

एआयमुळं अलीकडं आणखी एक गंमत झाली आहे. ऑनलाइन राउंडला सुरुवातीलाच पूर्ण स्क्रीन शेअर करा, खोली फिरवून दाखवा, हात दिसू द्या. काहीजण एआयकडून उत्तरं काढून वाचतात, काहीजण दुसऱ्याकडून उत्तरं बोलून घेतात आणि स्वतः नुसते ओठ हलवतात, त्याचा हा जाच बाकीच्यांना. म्हणूनच शेवटचा राउंड ऑफिसात बोलावून घ्यायची पद्धत परत येतेय, आणि कोल्हापूरवाल्याला पुन्हा रात्रीची गाडी. एका कंपनीनं मात्र उलटं केलं. एआयकडून लिहून घेतलेला कोड छापून समोर ठेवला आणि म्हणाले, हा आमच्याकडं मंजुरीला आलाय, काय म्हणाल? रक्कम डबलमध्ये होती. क्वेरीत वापरकर्त्यानं टाकलेला मजकूर थेट जोडला होता, म्हणजे कुणीही टेबल उडवू शकेल. एका जागी एरर पकडून गप्प गिळून टाकलेला. कोड दिसायला इतका नीटनेटका की चुका त्याच्याआड लपत होत्या. पप्पांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “हां, हे बरोबर. जॉब मापून घेतला.”

बाणेरहून एचआरचा फोन आला आणि पैशांची बोलणी सुरू झाली. सीटीसी (कंपनीला आपल्यावर होणारा वर्षाचा एकूण खर्च) म्हणजे हातात येणारा पगार नव्हे हे ऐकून माहीत होतं, पण कागदावर मांडून बघितलं तेव्हा खरं समजलं. मांडणी कशी असते त्याचा एक नमुना देतो, माझा खरा आकडा हा नाही. वर्षाला ७ लाख २० हजार, म्हणजे महिन्याला ६० हजार. त्यातला दहा टक्के व्हेरिएबल, वर्षाअखेर कंपनीच्या मर्जीनं. राहिले ५४ हजार. बेसिक ३० हजार धरला तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ बारा टक्क्यांनी ३,६००, तोही सीटीसीतच धरलेला. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, १,४४३. मग आपल्या वाट्याचा पीएफ आणखी ३,६००, व्यवसाय कर २००. हातात ४५ हजारांच्या आसपास. एचआर मॅडमना मी व्हेरिएबल कमी करून बेसिकमध्ये घाला म्हटलं. थोडं हललं. एवढं विचारल्यानं कुणी ऑफर काढून घेत नाही.

माझी खरी ताकद मला त्या फोनवर कळली : नोटीस पिरियड एक महिना. मोठ्या कंपन्यांत नव्वद दिवसांची नोटीस असते, त्या तीन महिन्यांत माणूस आणखी दोन ऑफर घेऊन बसतो आणि ऐनवेळी येत नाही. “फक्त थर्टी डेज?” मॅडमचा आवाज पहिल्यांदाच खुलला.

आमच्या सरांना सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पगार वाढवू शकत नाही रे तेवढा. जा. पण जायच्या आधी सिरियल पोर्टचं सगळं लिहून ठेव.” मी लिहून ठेवलं, मराठीत, फोटोंसकट. कुठल्या मशीनची केबल उलटी जोडली की कसला कचरा आकडा येतो, तेही.

अडलं ते कागदपत्रांत. तपासणी करणाऱ्या एजन्सीला पीएफ पासबुक हवं होतं. वीसपेक्षा कमी माणसं असलेल्या आस्थापनेला पीएफ बंधनकारक नसतो, आणि आम्ही सगळे मिळून एका टेम्पोत बसलो असतो. शेवटी बँकेचं स्टेटमेंट, त्यात दरमहा पगाराची नोंद, आणि सरांच्या सहीशिक्क्याचं पत्र यावर भागलं. एजन्सीनं सरांना एक फॉर्मही पाठवला. तो भरताना त्यांनी मला फोन केला.

“सोडण्याचं कारण काय लिहू?”

“काहीही लिवा सर. बेटर अपॉर्च्युनिटी.”

“बरं. खाली विचारलंय, हा माणूस परत आला तर घ्याल का.”

“मग?”

“‘येस’ लिहिलंय. रिमार्कला जागा आहे, तिथं लिहिलं, बिलाच्या दिवशी फोन उचलला तर.”

त्यांनी खरंच तसं लिहिलं होतं की माझी फिरकी घेतली, हे मी विचारलं नाही. रिपोर्ट आठवड्याच्या आत हिरवा आला.